वाणातली तपासणी

२०२० च्या उन्हाळ्यात मी एका लॅपटॉपला आमची प्रयोगशाळा फिरवून दाखवली. लॅपटॉप ट्रॉलीवर ठेवला, ट्रॉली ढकलत नेली आणि प्रत्येक यंत्रासमोर थांबून म्हटलं, "हा फ्रीझर." पडद्यावरच्या चौकटींमधल्या विद्यार्थ्यांनी माना हलवल्या. एकीने विचारलं, आत काय आहे? मी दार उघडलं, वाफ आली, कॅमेऱ्यावर धुकं बसलं आणि त्या दिवसाचं प्रशिक्षण संपलं.

उत्तर डब्लिनमधल्या एका कर्करोग संशोधन प्रयोगशाळेत मी समन्वयक आहे. म्हणजे नळ्या मागवायच्या, फ्रीझरचा अलार्म वाजला की धावायचं, आणि दर उन्हाळ्यात येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुठल्या दाराला कुठलं कार्ड लागतं ते सांगायचं. हे विद्यार्थी जून ते ऑगस्ट आमच्याकडे असतात आणि कर्करोग लवकर कसा ओळखावा याचं काम शिकतात. त्या वर्षी कुणालाच आत सोडत नव्हते, पण कार्यक्रम आधीच मंजूर झालेला होता, त्यामुळे तो पार पाडणं भाग होतं. उन्हाळा संपताना सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. एकाच्या प्रमाणपत्रावर "प्रत्यक्ष प्रयोगशाळेचा अनुभव" असं छापलेलं होतं. त्याने तो नागपूरच्या घरी, पंख्याखाली बसून घेतला होता.

२०२१ मध्ये निम्मे दिवस आत यायला परवानगी मिळाली, आणि त्या निम्म्या दिवसांत ती आली. सांगलीकडची मुलगी, मास्टर्स करायला आदल्या सप्टेंबरात डब्लिनला आलेली, ब्युमॉन्टला एका घरात भाड्याची खोली घेऊन राहिलेली. वर्षभर विद्यापीठ तिने खोलीतूनच पाहिलं होतं. पहिल्या दिवशी ती मला "मॅम" म्हणाली, आमच्या प्राध्यापकांना "सर" म्हणाली. प्राध्यापक आयरिश, साठीला टेकलेले, सगळ्या गोष्टींना "ग्रँड" म्हणणारे. त्यांनी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं. मला ती दुपारपर्यंत काकू म्हणायला लागली आणि मी हरकत घेतली नाही. कामाच्या ठिकाणी काकू असणं मॅमपेक्षा बरं. काकूला जाब विचारता येत नाही.

आमच्याकडे त्या वेळी आतड्याच्या कर्करोगाची एक घरगुती तपासणी चाचपून पाहणं चालू होतं. एक बोटाएवढी नळी, झाकणाला जोडलेली काडी. काडी आपल्या शौचाला लावायची, नळीत घालून झाकण घट्ट करायचं, जाड पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीत टाकायचं. एवढंच. आजवर आलेले सगळे नमुने आयरिश माणसांचे होते आणि अनुदान देणाऱ्यांना आता वेगवेगळ्या समाजांचे हवे होते. बैठकीत हा मुद्दा निघाल्यावर सगळ्यांची नजर आधी खिडकीकडे गेली आणि मग माझ्याकडे.

असा प्रकल्प तिच्या वाट्याला आला: आरोग्यसेवेपासून दूर राहिलेल्या समाजघटकाचा सहभाग. समाजघटक म्हणजे आम्ही. डब्लिनपासून ड्रोहेडापर्यंत पसरलेली मराठी माणसं. औषधाच्या कारखान्यात, चिपच्या कारखान्यात, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यांवर. घरापुढे दोन गाड्या. आपण दूर राहिलेले आहोत हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं.

प्राध्यापकांनी तिला पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगून टाकलं होतं. शरद ऋतूत त्यांच्याकडे पीएचडीची एकच जागा होती. मराठी नमुने पुरेसे आले तर जागा तिची. नाही आले तर त्याच तुकडीतल्या दुसऱ्या एका मुलाची, जो दिवसभर संगणकावर सुरेख आलेख काढायचा आणि ज्याला कुणाच्याही शौचाची गरज नव्हती.

"नाही मिळाली जागा तर?" मी तिला विचारलं.

"तर कारखान्यात. गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या." मग तिने पाकिटांचा गठ्ठा सरळ केला. "माझी आत्या याच आजाराने गेली, काकू. वर्षभर रक्त पडत होतं, कुणाला बोलली नाही. मला हेच काम करायचंय."

एवढंच बोलली आणि परत पत्ते चिकटवायला लागली. मला हे आवडलं. रडणाऱ्या माणसांबरोबर काम हळू होतं.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने निवेदन टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. "खूपच स्तुत्य उपक्रम." "काळाची गरज." कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं. पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी पत्ते कळवले, किट घरोघर गेले. आणि मग काही नाही. जून गेला, जुलै अर्धा गेला, प्रयोगशाळेत एकही पाकीट आलं नाही.

मी फोन करायला बसले. ड्रोहेडाच्या वहिनी आमच्या ग्रुपच्या सगळ्यात उत्साही सभासद, स्तुत्य हा शब्द त्यांचाच.

"अगं पाठवणार ना," त्या म्हणाल्या. "पण नीट तयारी करून देते. दोन दिवस मुगाची खिचडी, रात्री इसबगोल. मागच्या आठवड्यात पिझ्झा झाला, त्यावर कसं देऊ? रिपोर्ट खराब आला म्हणजे?"

"वहिनी, ही परीक्षा नाही. जे असेल तेच द्यायचं."

"असं कसं? रक्त द्यायच्या आधी मी गोड बंद करतेच की."

आमच्यातले निम्मे लोक पोटाला शिस्त लावल्यावर देणार होते, म्हणजे कधीच देणार नव्हते. उरलेल्या निम्म्यांकडे सासू-सासरे अडकलेले होते. विमानं बंद होण्याआधी जे भेटायला आले ते इथेच राहिले होते. घरात संडास दोन, माणसं सहा, आणि आत किट घेऊन गेलेल्या माणसाला बाहेरून कुणीतरी "बरं आहे ना?" विचारणारच.

माझ्या घरी तर तज्ज्ञच होते. माझा नवरा उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. त्याने किट डायनिंग टेबलवर ठेवून तासभर पाहिला. झाकण किती घट्ट बसल्यावर बसलं म्हणायचं हे लिहिलेलं नाही, बॅचचा नंबर नळीवर आहे पण पाकिटावर नाही, काडीला खाचा किती हव्यात याचा आधार दिलेला नाही. त्याने हे सगळं टाइप करून प्राध्यापकांना पाठवलं. नमुना सोडून सगळं पाठवलं.

"तू देणार आहेस की नाही?" मी विचारलं.

"आधी त्यांना हे दुरुस्त करू दे," तो म्हणाला आणि किट बुटांच्या प्रेसमध्ये ठेवला. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. स्वयंपाकघरात देव असल्यामुळे तिथे ठेवायची सोय नव्हती.

सासूबाई आमच्याकडे २०२० च्या सुरुवातीला सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. कराडजवळच्या गावच्या. आधी विमान मिळेना, मग लस मिळेना, मग सगळं मिळालं तेव्हा त्यांना इथला टीव्ही समजायला लागला होता. त्या दिवशी त्या प्रेसमधून चपला काढताना म्हणाल्या, "औंदा संक्रांतीचं हळदीकुकू बी राह्यलं. वाण न्हाई की काय न्हाई."

जानेवारीत कडक लॉकडाऊन होता, कुणाच्या घरी जायचं नव्हतं, हे खरं होतं.

"वाण काय, आई, प्लास्टिकचे डबे. कुणाला हवे असतात?"

"नको असलं तरी घ्यावं लागतंय. वाणाला न्हाई म्हनत न्हाईत."

मी प्रेसमधल्या किटकडे पाहिलं. मग त्या मुलीला फोन लावला.

संक्रांतीचं राहिलेलं हळदीकुंकू आम्ही श्रावणातल्या शुक्रवारी केलं. सासूबाईंनी विचारलं की ऑगस्टात संक्रांत कशी. मी म्हटलं, श्रावणी शुक्रवारी हळदीकुंकू चालतंच, तीळ वरून घालते. सँट्रीतल्या आमच्या घरामागच्या बागेत, मोकळ्या हवेत, सगळ्या बायका अंतर ठेवून उभ्या राहिल्या. साड्यांवर कार्डिगन, कार्डिगनवर जॅकेट. हळदीला एक कापसाची काडी, कुंकवाला दुसरी, दोन्ही वापरून लगेच कचऱ्यात. अत्तराऐवजी सॅनिटायझर. मध्ये एकदा पाऊस आला, तेव्हा सगळ्या शेडमध्ये गेल्या आणि अंतराचं काय झालं ते मी लिहीत नाही. माझ्या मुलीने आधीच "आय ॲम नॉट बीइंग सीन ॲट दिस" असं जाहीर करून मैत्रिणीकडे मुक्काम हलवला होता.

वाण खणाच्या लहान पिशव्यांतून दिलं. आत दोन किट, एक आपल्यासाठी आणि एक घरच्यांसाठी, आणि वर तिळाचा लाडू. लाडू वेगळ्या डबीत होता, तेवढी अक्कल आम्हाला होती. त्या मुलीने प्रत्येकीपुढे वाकून पिशवी दिली. ड्रोहेडाच्या वहिनींनी आत डोकावून पाहिलं.

"अगं, हे तेच ना?"

"वाण आहे, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी कपाळाला लावली आणि पर्समध्ये टाकली. दुसरं काय करणार.

पुढच्या आठवड्यात पाकिटं आली. आधी एकेक, मग रबर लावलेले गठ्ठे. वाणात आलेली वस्तू फेकायची नाही, वापरायची, हे एकदा ठरल्यावर खिचडीचा प्रश्नही सुटला. वहिनींनी खिचडी खाल्लीच, पण निदान खाल्ली आणि पाठवलं. माझ्या नवऱ्याने नमुन्याबरोबर दुरुस्तीच्या सूचनांची सुधारित प्रत जोडली. सासूबाईंनीही दिला. अभ्यासाला वय चालत होतं, व्हिसा विचारत नव्हते. एका बाईंनी वाण रिवाजाप्रमाणे पुढे खपवलं होतं, शेजारच्या आयरिश आजींना. त्यांनी आनंदाने नमुना पाठवून वर आभाराचं कार्ड घातलं. तो नमुना आम्हाला बाजूला काढावा लागला, कार्ड मी भिंतीला लावलं.

मुलगी फ्रीझरसमोर उभी राहून नळ्यांच्या रांगा पाहायची. प्राध्यापक दोनदा ग्रँड म्हणाले.

शेवटच्या आठवड्याआधी विद्यार्थ्यांना आपापलं काम ऑनलाइन सांगायचं होतं. आलेखवाल्या मुलाने आलेख दाखवले. मग ही बोलली. ऐकायला नीतिमत्ता समितीच्या बाईही होत्या. लोकांवर होणाऱ्या कुठल्याही संशोधनात त्यांच्यावर जबरदस्ती होत नाही ना, हे पाहणं त्यांचं काम. शांत, चष्मा नाकावर ठेवून ऐकणाऱ्या. त्यांनी विचारलं, जुलैपर्यंत काहीच नव्हतं आणि ऑगस्टात एवढे नमुने, हे कसं जमलं?

मुलगी खूश झाली. तिने हळदीकुंकू समजावलं, पिशवीचा फोटो दाखवला, आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमच्यात वाण नाकारता येत नाही."

पडद्यावरचे सगळे चेहरे तसेच राहिले, फक्त प्राध्यापकांनी डोळे मिटले.

"नाकारता येत नाही?" समितीच्या बाईंनी हळूच विचारलं.

मी माझ्या चौकटीत हात हलवत होते, पण मी म्यूटवर होते.

तासाभरात निर्णय आला. सहभाग स्वेच्छेने हवा. ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती, त्याचं हो धरता येणार नाही. नमुने फ्रीझरमध्येच, कुणी हात लावायचा नाही. प्रत्येकाला पुन्हा विचारायचं, नाही म्हणायची पूर्ण मुभा देऊन. आणि बाईंनी शेवटी लिहिलं होतं की सगळ्यांनीच हो म्हटलं, तर ते हो खरं आहे असं मानणं त्यांना अवघड जाईल.

प्राध्यापक मला म्हणाले, नमुने गेले तर जागा त्या मुलाला द्यावी लागेल, त्यांचा नाइलाज आहे. नाइलाज हा शब्द त्यांनी चहा ढवळता ढवळता वापरला.

मुलगी आमच्या स्वयंपाकघरात बसून फोन करायला लागली. निवेदन तिने स्वतः मराठीत लिहिलं होतं आणि अगदी हळू वाचायची. पलीकडून एकच उत्तर यायचं. "हो गं बाळा, काही प्रॉब्लेम नाही." "आमच्याकडून कधीही हो." आपल्या माणसांना एका मुलीच्या तोंडावर नाही म्हणायला सांगणं म्हणजे त्यांना जेवण न वाढता परत पाठवायला सांगण्यासारखं आहे. तिचा चेहरा प्रत्येक होकारागणिक उतरत गेला.

मी ड्रोहेडाला फोन लावला. "वहिनी, तुम्ही नाही म्हणा."

"मी?" त्या दुखावल्या. "दोन दिवस खिचडी खाल्ली आहे मी. मी नाही म्हणणार नाही."

"काकू, ठेवा फोन," मुलगी म्हणाली. "सांगून म्हणवलेलं 'नाही' चालत नाही. तीही जबरदस्तीच ना."

ती बरोबर होती, आणि त्या वेळी मला तिचा फार राग आला. एवढ्या प्रामाणिक माणसाला पीएचडी देऊन काय होणार, असंही मनात आलं.

शेवटी फक्त सासूबाई उरल्या. त्या समोरच शेंगा सोलत होत्या. मुलीने कागद उचलला आणि त्यांच्यापुढे खुर्ची ओढून तेच सगळं पुन्हा वाचलं. तुमचा नमुना आमच्याकडे आहे, तो वापरू का, तुम्ही नाही म्हणू शकता, नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, नाही म्हटल्याने तुमचं काहीही बिघडणार नाही.

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"न्हाई म्हनलं तर तू रागावशील?"

"नाही, आजी."

"आन् ही?" माझ्याकडे बोट.

"त्यासुद्धा नाही."

"कारन सांगाय लागत न्हाई?"

"नाही."

"चहा मिळंल नव्हं?"

"मिळेल," मी म्हटलं.

"मग न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "माझं नगं घ्यायला. टाकून द्या."

मुलीने कागदावर लिहिलं, त्यांची सही घेतली, आणि मग तोंडावर ओढणी धरून बाहेर बागेत गेली. मला वाटलं रडतेय. खिडकीतून पाहिलं तर हसत होती.

"आई, पण का?" मी न राहवून विचारलं. "दिला होतात ना आधी."

"वाणाचा दिल्ता. आता इचारलं." त्यांनी शेंग उचलली. "आन् तू कारन इचारू नगंस. लिव्हलंय त्यात."

कराडजवळच्या त्या बाईंना सत्तर वर्षांत कुणी हे असं विचारलं नसावं. त्यांनी पहिली संधी वाया घालवली नाही. एका माणसाचं निखालस, बिनकारणाचं नाही समितीच्या बाईंपुढे गेलं, वर मुलीने आयरिश आजींचा किस्सा जोडला: वाण नको असेल तर आमच्यात ते पुढे सरकवतात. बाईंनी दोन्ही वाचलं आणि बाकीचे नमुने मान्य केले.

सासूबाईंची नळी मलाच काढावी लागली. नियमाने काढायची, पिवळ्या पेटीत टाकायची, टाकली असं लिहायचं. आपल्या सासूचं हे काम आपल्याकडे यावं, याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

नमुने तपासले गेले. एकाला डॉक्टरांकडे लवकर जा असं कळवावं लागलं. आमच्याकडे नळ्यांवर फक्त आकडे असतात, त्यामुळे कोण ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. नमुने फेकले गेले असते तर त्या माणसाला कळवलं गेलं नसतं, एवढं मात्र मला माहीत आहे. जागा मुलीला मिळाली. आलेखवाला मुलगा एका बँकेत गेला आणि तिथे चांगलं चाललं आहे असं ऐकलं. प्राध्यापकांनी वर्षअखेरच्या अहवालात आमच्या हळदीकुंकवाला "समुदायात रुजलेली वितरणपद्धती" असं नाव दिलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पोलिश लोकांवर करता येईल का, असं मला विचारलं.

सप्टेंबरात मुलगी कामावर रुजू झाली तेव्हा तिचं पहिलं काम होतं संमतीचं ते निवेदन मराठीत नीट छापून घेणं. एक प्रत सासूबाईंनी मागून घेतली. मोठ्या अक्षरात हवी म्हणाल्या. ती त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या प्रेसच्या दारावर चिकटवून घेतली आहे. "नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही" या ओळीखाली त्यांनी पेनने रेघ ओढली आहे. मी दुधीची भाजी केली की त्या ताट पुढे ओढत नाहीत, फक्त हात वर करून त्या रेघेकडे बोट दाखवतात, आणि मी दुसरं काहीतरी करायला घेते.